आईची तालीम

प्रिय ठकू,

मांडीवर वही ठेवून लिहितोय, अक्षर लावून घे.

मोटारी दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. दुसऱ्याच्या हाताखाली पाने-पकडी उचलायचो, तिथून स्वतःचं वर्कशॉप काढलं ते या कानांच्या जिवावर. कुठलं बेअरिंग गेलंय ते दारातूनच सांगतो. तर आज दुपारी जेवून लवंडलो होतो, तोच आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, खोलीतून धप्पकन आवाज आला. माणूस पडल्याचा. मागच्या महिन्यात ती बाथरूममध्ये घसरली तेव्हाही असाच आला होता. त्यानंतरच तर तिला येत्या रविवारी तुझ्याकडे हलवायचं आपण ठरवलं, तिला न विचारता.

धावत गेलो, तर जमिनीवर सुट्टीला आलेली तुझी लेक! गादीवर उताणी, डोळे मिटलेले. आणि चौऱ्याऐंशी वर्षांची तुझी आजी बाह्या सारून तिच्या काखेत हात घालून ओढतेय. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हटलं, पोरगी गेली. तर कारटी एक डोळा उघडून म्हणते, "आजोबा, मधे येऊ नका, पणजीची लय बिघडते." आजी धापा टाकत म्हणाली, "हिच्या ज्युदोच्या क्लासात शिकवतात. आधी कुशीवर वळवायचं, मग गुडघ्यांवर आणायचं, मग पुढे खुर्ची सरकवायची. ताकद नाही लागत, अक्कल लागते. म्हणून तुला बोलावलं नाही."

मी हसलो, मग भडकलो. या वयात हे धंदे कशाला? तू पडलीस तर उचलायला मी आहे की! आजीने बाह्या आणखी वर सारल्या. मला वाटलं, रविवारचं हिला कळलंय, म्हणून धडधाकट असल्याचं दाखवतेय.

तसं नव्हतं गं. आजी म्हणाली, "तुझा डावा पाय कधीपासून फरशीवर घासतोय. जिन्यात मधेच बसतोस, तेही ऐकू येतं मला. तू पडलास तर या घरात उचलायचं कोणी?" मी उडवून लावलं. ती म्हणाली, "मग झोप गादीवर आणि ऊठ बघू."

ठकू, मला उठता आलं नाही. डाव्या पायाने साथच दिली नाही. आईने मला कुशीवर वळवलं, गुडघ्यांवर आणलं, खुर्ची पुढे केली. एरवी माझी फजिती सोडत नाही ती. आज हसली नाही. रविवारी गाडी घेऊन ये. आजी इथेच राहतेय. दवाखान्यात मला न्यायचंय.

तुझाच, खुर्चीला धरून बसलेला,
बाबा