पँट कमरेला बसते

८ मार्च
परत उशीची खोळ पिळून काढावी इतकी ओली! सकाळी उठल्या उठल्या तोंड सोडलं — "अहो, पंखा जोरात, खिडकी उघडी, तरी एवढा घाम? तांब्या ओतून घेता की काय अंगावर?" हे हसले. "दिवसभर इस्त्रीपाशी उभा असतो. आत साठलेली वाफ निघते." मलाही हसू आलं. खोळ धुऊन टाकली.

१० मार्च
ह्यांचा शर्ट खांद्यावरून घसरतोय. दुकान शिवणकामाचं आणि मालक असा गबाळा! दोन्ही बाजूंनी बोटभर दाबून दिला. लेकीचं बाळंतपण उरकून आल्यापासूनचा हा तिसरा शर्ट. जरा शंका आली होती. पण पँट कमरेला चोख बसते. आमच्या धंद्यातला नियमच आहे, माणूस उतरला की आधी कमर सांगते. शर्ट धुवून धुवून सैल झाले असतील.

१५ मार्च
दाढी करताना मानेला गाठ लागली म्हणाले. "सर्दीची असेल." सर्दी कुठे आहे? विचारायचं राहूनच गेलं, गिऱ्हाईक आलं.

१९ मार्च
ताप. चहासुद्धा नको म्हणाले, तेव्हा घाबरले. रिक्षा करून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घामाने अंथरूण भिजतं? कधीपासून? आणि वजन?" मी म्हणायला गेले, "तसं काही नाही—" आणि काट्यावर उभं केलं तर नऊ किलो कमी!

तीन वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हा ह्याच बाईंनी बजावलं होतं. हा सावकाश चालणारा आहे, सध्या औषध नको, नुसतं लक्ष ठेवायचं. पण वजन उतरलं, घामाने कपडे भिजले, गाठी आल्या, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच या. मी तेव्हा पोरीने कविता घोकावी तसं पाठ केलं होतं! मग पहिलं वर्ष बरं गेलं, दुसरं गेलं. भीती हळूहळू निघून गेली, आणि लक्षही.

गावाची मापं मला तोंडपाठ. दिव्याखाली अंधार, म्हणतात तो हा.

२३ मार्च
ताप उतरतोय. छातीत संसर्ग झालाय. तो आटोक्यात आला की आजारावरच्या गोळ्या सुरू. त्या लागू पडतील का? बाई म्हणाल्या, "बऱ्याच जणांना पडतात. पण दोन-तीन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं."

लेकीचा फोन. "आई, तुझ्या लक्षात कसं नाही आलं गं?" मागे बाळ रडत होतं. ठेवते म्हटलं.

२४ मार्च
माझंच चुकलं. घरात दुसरं होतं कोण?

२ एप्रिल
घरी आणलं. गोळ्या सुरू आहेत. खोळ आज कोरडी होती. दोनदा हात फिरवून पाहिलं.

वजन भरेल म्हणाल्या बाई. म्हटलं, शर्ट उसवून ठेवते, पँटीही बघते. तर हे एकदम — "पँटींना हात लावू नकोस! त्या बसतात." आजारी माणूस, म्हणून वाद घातला नाही.

५ एप्रिल
हे झोपलेले बघून चालू मशीन थांबवलं आणि राखाडी पँट घेतलीच. नऊ किलो गेले आणि पँट बसते कशी, हे डोक्यातून जाईना.

कमरेचा पट्टा उलटा केला. मागच्या शिवणीत हाताने घातलेली टीप! वाकडीतिकडी, जाडे टाके. इस्त्री धरणारा हात तो, सुई कुठली जमायला! आणि दोरा आकाशी. ते रीळ मी बाळाचे कपडे शिवताना संपवलं होतं, लेकीकडे जायच्या आधी. नंतर तो रंग आणलाच नाही.

म्हणजे मी निघायच्या आधीच ह्यांना कळलं होतं. जाताना दारात कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "बघ, पँट अजून बसते. तू निर्धास्त जा, पोरीला तुझी गरज आहे."

लबाड माणूस! आता भांडू तरी कसं?

आतून आवाज आला, "मशीन का गं थांबलं?" मी म्हटलं, "दोरा संपला."