चाकूला तेल कुठलं

९ जून
डोकं फिरलंय नुसतं! बाबांचा घडीचा चाकू उघडतच नाही. पात्याच्या खिळ्यापाशी चिकट थर बसलाय. उभा जन्म रोपवाटिकेत ह्याच चाकूनं कलमं केली त्यांनी. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडला, तरी त्या तळव्यात सफरचंद बसवून डाव्या हातानं सोलायचे. पातं अंगठ्यानं खटकन उघडायचं! तेवढंच एक काम त्यांचं स्वतःचं उरलंय. आज झटापट करून दमले आणि चाकू माझ्यापुढे सरकवला.

दादाला विचारलं. खाली बघून म्हणाला, "घातलं असेल मी खायचं तेल." असेल?! खायचं तेल सुकून त्याचा गोंद होतो, एवढी अक्कल नाही?

११ जून
कोमट साबणाच्या पाण्यात धुतला, कोरडा केला, शिलाई मशीनचं तेल दिलं. पातं मस्त सरकलं. पण सफरचंदाला वास! बाबांनी पहिलीच फोड थुंकली. दादा लगेच, "राहू दे ना आता. मी देत जाईन चिरून." ह्याला बाबांचं तान्हं बाळ करून ठेवायचंय! चांगलं सुनावलं त्याला. आई मध्ये पडली नाही, उठून भांडी घासत बसली.

१२ जून
ग्रीस नको. खिशातला सगळा केर धरून ठेवेल. गंज काढायचा फवारा तर विषच. दादाशी बोलणं बंद.

१४ जून
सापडलं! औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं. वास नाही, चिकटत नाही, थेंबभर पोटात गेलं तरी चालतं. दुकानदार म्हणाला, "बद्धकोष्ठ कुणाला?" म्हटलं, चाकूला!

पुन्हा धुतला. खिळ्यावर एक थेंब, बरीच उघडमीट, जास्तीचं पुसून टाकलं. खटकन! बाबा चक्क हसले. दादाच्या नाकासमोर मुद्दाम उघडून दाखवला. तो आईकडे बघत राहिला.

१५ जून
दुपारी बाबा माझ्याशी गप्पा मारत सोलत होते. साल लाल — पण फोडही लाल! उजव्या अंगठ्याचं मांस उघडं पडलं होतं आणि त्यांना पत्ताच नाही. बोलतच होते.

पट्टी बांधून झाल्यावर आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "पहिल्यांदा नाही झालं हे. त्या हाताला काही कळतच नाही. पण चाकू ह्यांच्याकडून काढून कसा घेऊ गं? म्हणून साखरेचा पाक घातला मी."

पाक! आणि दादाला ठाऊक होतं. माझ्या शिव्या खाल्ल्या, तोंड उघडलं नाही. मला का नाही सांगितलं?! तर म्हणतो, "तू बाबांच्या तोंडावर बोलून मोकळी झाली असतीस."

संताप झाला. कारण खरंच, बोलून मोकळी झाले असते मी.

१७ जून
आज पाक मी केला. घट्ट. खिळ्यात थेंब थेंब सोडला. बाबांनी विचारलं की सांगायचं — माझंच तेल खराब निघालं.