माझ्या मज्जारज्जूची व्यवस्था

मी, नथ्थू दगडू पाटील, वय एकाहत्तर, निवृत्त वकील, राहणार सारंगखेडा, तालुका शहादे, जिल्हा धुळे, या मृत्युपत्राने एवढेच सिद्ध करू इच्छितो की माझा देह खचला असला तरी बुद्धी शाबूत आहे, आणि माझा मज्जारज्जू चितेवर जाण्यापूर्वी तपासला जाणे युक्त आहे. हात चालत नसल्याने मी सांगतो व माझा जुना कारकून धुडकू माळी लिहितो.

राहते घर व तापीकाठची केळीची जमीन पत्नी तुळशीबाई हिला पूर्ण मालकीने, हयातीपुरती नव्हे. भाऊबंदांनी ही ओळ दोनदा वाचावी.

बांधावरची चिंच धाकटा भाऊ भटू यास. तिच्यावरील त्याचा दावा खोटा होता हे माझे मत कायम आहे. पण चिंचा त्यालाच अधिक आवडतात.

धुडकू साक्षीदार असल्याने त्यास या लेखाने काही देता येत नाही. म्हणून माझे पेन त्यास कालच दिले.

आता मज्जारज्जू. स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी झिजण्याचा हा रोग प्रथम उजव्या अंगठ्यात आला, मग पंजात, दंडात, मग डाव्या पंजात. तो शेजार धरून सरकला. नवापूरचे डॉ. पौलस गावित सांगतात की झिंग्यावरील प्रयोगात काही मज्जापेशी इतक्या जोडलेल्या आढळल्या की विद्युत्प्रवाह एकीतून दुसरीत सरळ जातो. रोगही अशाच सांध्यांतून जात असेल काय? दृष्टान्त झिंग्याचा, पक्ष माणसाचा. मधली व्याप्ती, म्हणजे जे झिंग्यात तेच माणसात हा नियम, असिद्ध आहे. म्हणून डॉक्टरांनी मज्जारज्जू काढून फॉर्मलिनमध्ये वैद्यकीय महाविद्यालयास पोचवावा. उरलेल्या देहाचे दहन त्याच दिवशी तापीकाठी व्हावे. मात्र तुळशीबाईची संमती नसल्यास हे कलम रद्द समजावे.

ती संमती मिळत नव्हती. अपुरा देह जाळू देणार नाही, असे तिने बजावले होते. गेल्या बुधवारी डॉक्टर म्हणाले की त्याच सांध्यातून निरोगी पेशी शेजारच्या आजारी पेशीला सावरतही असेल. नक्की कोणासच ठाऊक नाही. तुळशीबाई उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होती. रोग तिला लागेल या भयाने मी तिचे अंथरूण, ताट, सारे वेगळे केले होते. लागत नाही असे डॉक्टर म्हणत. मी पुरावा मागत असे.

ती म्हणाली, “वकीलसाहेब, मंग मले आठ महिना दाराबाहेर कशाले बसाडं?”

ती आत आली, माझा पंजा मांडीवर घेऊन बसली आणि डॉक्टरांना म्हणाली, “घ्या तो दोर. पन जित्ता शे तवलोंग हात मन्हा शे.”

संमती नोंदवली; मी जिवंत आहे तोवर हात तिचा, ही अटही.

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, समजून घेतले आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष अंगठा केला. माझे बोट धुडकूने धरले. तुळशीबाई लाभार्थी असल्याने तिला धरू दिले नाही.

साक्षीदार: १. डॉ. पौलस गावित २. धुडकू माळी
सारंगखेडा, दिनांक १४ फेब्रुवारी १९६६

कबुली: जवळिकीतून केवळ अपायच जातो, हे मी पुराव्याविना गृहीत धरले आणि त्यावर आठ महिने अंमल केला. चूक माझी. या कबुलीस कायद्याचे बळ नाही. म्हणून येथे माझे बोट तुळशीबाईने धरले आहे.

नथ्थू दगडू पाटील, उजवा अंगठा