हवा नेहमी वर जाते

७ जानेवारी

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ते कुरकुरले की आईही कुरकुरते, एवढंच. मी पदवीधर झाले. घरातली पहिलीच, म्हणून अण्णांनी प्रमाणपत्र भिंतीवर इतकं उंच लावलंय की वाचायला स्टुलावर चढावं लागतं. जूनपासून मी टेकडीवरच्या शाळेत विज्ञान शिकवते. हो, त्याच शाळेत. ज्या बसच्या किल्ल्या मोठ्या बाईंनी अण्णांकडून काढून घेतल्या, ती बस रोज माझ्या वर्गाच्या खिडकीखाली उभी असते.

परवा शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई माझं कौतुक करत होत्या. म्हणाल्या, तू वडिलांवर गेली नाहीस हे बरं झालं. स्टिअरिंगवर डुलक्या काढणाऱ्या माणसाची मुलगी इतकी जागरूक निघावी, याचं नवल वाटतं. सगळे हसले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि वह्या तपासायला घेतल्या.

काका, अण्णा दुपारी आडवे झाले तरी माशीच्या पंखांचा आवाज ऐकतात. ते घरची गाडी चालवताना उताराच्या वळणावर झोपले, हे शाळेला सांगितलं कुणी? उस्तादने. अण्णांच्या जिवलग मित्राने. अपघाताच्या जागी पहिला तोच पोचला आणि शाळेतही पहिला तोच. त्याचं गॅरेज आजही शाळेची बस बघतं. अण्णा मात्र लंगडत घरात बसले आणि गावाच्या तोंडी ‘झोपाळू’ झाले.

काल मी मागच्या शेडमध्ये जाऊन आपल्या ठेंगणीवरचं, त्याच बुटक्या गाडीवरचं कापड काढलं. डावा गाल चेपलेला आहे, बाकी गाडी शाबूत आहे. अण्णांना खोदून खोदून विचारलं तेव्हा ते एवढंच बोलले, की पेडल तळाला गेलं. ठेंगणीचे मूळचे ड्रम ब्रेक काढून पुढच्या चाकांना दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले होते, ते तुम्ही पाठवलेले आणि उस्तादने बसवलेले. ते कसे बसवायला हवे होते, ते मला लिहा. तुम्ही नंतर आमच्याकडे आला का नाहीत, ते मी विचारत नाही.

मला सूड घ्यायचा आहे. शिकलेल्या मुलीने असं लिहू नये, पण लिहिलं. फोन करू नका. फोन अण्णांच्या उशाशी असतो.

काकूंना नमस्कार. जुना लोभ कुठे ठेवलाय ते शोधून काढा.

तुमची,
खारूताई

१५ जानेवारी

चि. खारूताईस (की आता मास्तरीणबाईंस?),
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका जुन्या गाडीची हाडं सुटी करत होतो. ती तशीच टाकून पायरीवर बसलो. तुझी काकू म्हणाली, कुणी गेलं का? मी म्हटलं, गेलेलं माणूस परत येतंय बहुतेक.

तू विचारत नाहीस, तरी सांगतो. अपघातानंतर उस्तादचा मला फोन आला. म्हणाला, तुझा भंगारातला ब्रेक दगा देऊन गेला, तुझ्या दादाचा पाय मोडला, आणि दादा म्हणतो की त्याला पुन्हा माझ्या दारात उभं करू नका. मी काय करणार? जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणं हा माझा धंदा. त्या दिवसापासून मी ब्रेकचा एकही भाग कुणाला विकलेला नाही. चांगले असले तरी हातोड्याने फोडून टाकतो. गिऱ्हाइकं मला चक्रम म्हणतात.

आता कामाचं. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो तो कॅलिपर. आधी त्याला कुठे तडा आहे का बघ. मग बघ की त्याच्यावरचा छोटा स्क्रू कुठे तोंड करून आहे. ब्रेक ऑइलमध्ये हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा त्या स्क्रूतून बाहेर काढायची असते. म्हणून स्क्रू वरच्या अंगाला हवा. बुडबुडा कधी खाली उतरताना पाहिलायस का तू?

आणि सुडाचं खूळ डोक्यातून काढ. चेपलेला पत्रा ठोकून सरळ होतो, माणूस होत नाही.

तुझ्यावर माया होती, आहे, आणि पोस्टाने पाठवता आली असती तर सोबत पाठवली असती.

तुझा,
काका

२१ जानेवारी

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही स्क्रू जमिनीकडे तोंड करून आहेत.

मी गाडीखाली पाठीवर झोपून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. तडा नाही, झीज नाही. तुमचा माल सोन्यासारखा आहे. फक्त डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. का, तेही कळलं. ब्रेक ऑइलची रबरी नळी आखूड आहे. बाजू बदलली तरच ती पोचते. दुसरी नळी मागवायचा कंटाळा केला उस्तादने. स्क्रू खाली, बुडबुडा वर. मग कितीही ऑइल ओता, हवा आपली जागेवर ठाण मांडून. सातवीच्या मुलांना मी हाच धडा गेल्या महिन्यात पाण्याच्या बाटलीने शिकवला.

मग मी तुमचं पत्र अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. त्यांना उस्तादने काय सांगितलं होतं माहीत आहे? की धाकटा म्हणतो, माल चांगला होता, दादाच झोपला, उगाच माझ्या धंद्याचं नाव घेऊ नका. तुम्ही दोघं भाऊ इतकी वर्षं एकमेकांच्या नावाने गप्प बसलात, आणि तो माणूस दोघांच्या मधल्या जागेत आरामात गॅरेज चालवत राहिला. आईने पहिल्यांदाच अण्णांसमोर उस्तादला शिवी दिली. अशी होती, की मी ती पत्रात लिहू शकत नाही.

आता ऐका. पुढच्या महिन्यात शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आहे. पाहुणा ठरवायचं काम माझ्याकडे आहे. मी उस्तादला बोलावलंय. विषय: ब्रेकचं महत्त्व. तो खूश झाला, म्हणाला की मोठ्या मनाने वागलीस हो पोरी, वडिलांसारखी रुसून बसली नाहीस. कार्यक्रमानंतर मी त्याला ठेंगणीत बसवून तोच उतार उतरणार आहे.

मला लांब नळ्या, नवी रबरं आणि ऑइल पाठवा. कॅलिपर मी बदलीन की त्याने बसवले तसेच ठेवीन, ते अजून ठरलेलं नाही.

तुमची,
खारूताई

२८ जानेवारी

चि. खारूताईस,
आशीर्वाद, आणि कान धरून.

पार्सल आजच टाकलंय. नळ्या दोन, रबरं चार, ऑइलचा डबा. ते सगळं वापरायचं आहे, शेडमध्ये शोभेला ठेवायचं नाही!

तुझ्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. अगं वेडे, त्या सीटवर तो बसेल, पण स्टिअरिंगवर कोण? त्याच्या जिवाचं मला काही पडलेलं नाही, खरं सांगतो. पण गाडीला कुणी शिकवलेलं नसतं की नेमकं कुणाला मारायचं. मी एकदा दुसऱ्या कंपनीचा माल पाठवला, त्याचं हे रामायण झालं. आता त्यातून दुसरं पाप माझ्या घरात येऊ देऊ नकोस. कॅलिपर बदल. एअर काढ. आधी सपाट मैदानावर चालवून बघ. मग घाल त्याला उतारावर, मी अडवत नाही.

तुझी काकू म्हणते, पोरगी आपल्या घराण्याची आहे, ऐकायची नाही. मी येऊ का? दादा दार उघडेल?

लगेच उत्तर दे, नाहीतर माझा लोभ तुझ्यावर ओरडत येईल.

काका

१८ फेब्रुवारी

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

आम्ही जिवंत आहोत. उत्तर मुद्दामच दिलं नाही, कारण दिलं असतं तर तुम्ही लगेच इथे येऊन थडकला असता आणि उस्ताद सावध झाला असता.

काल उस्ताद आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. मुलांपुढे ब्रेकवर छान बोलला. मग ठेंगणीकडे बोट दाखवून म्हणाला, ही गाडी बघा, हिचे ब्रेक दुसऱ्या गाडीचे, पण बसवले या हातांनी. गाडी कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस. अण्णा शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मी उठून म्हटलं, सर, मग एक फेरी होऊन जाऊ द्या. त्याने घड्याळ दाखवलं, पाठ दुखते म्हणाला. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा बसावंच लागलं. मागे मोठ्या बाई बसल्या, त्यांच्या शेजारी अण्णा.

पाण्याच्या टाकीपर्यंत तो हसत होता. पुढे उतार लागला, गाडीने वेग घेतला, आणि जिथे ब्रेकवर पाय टाकायला हवा तिथे मी टाकला नाही. तो हसायचा थांबला. हळूच विचारलं, मधे कुणी चाकं उघडली होती का? मी म्हटलं, तुम्ही बसवलेलेच ब्रेक आहेत, उस्ताद. यात मी खोटं बोलले नाही. भाग तेच आहेत.

त्याचा चेहरा खडूसारखा झाला. वळण समोर आलं, अण्णांच्या धडकेने चेपलेला तो खांबही दिसला, आणि तो किंचाळला, की दोनदा मार, पहिलं पेडल रिकामं जातं, दोनदा मार!

मी एकदाच मारलं. ठेंगणी जागेवर उभी राहिली, खांबाच्या वीतभर अलीकडे.

मग मोठ्या बाईंनी विचारलं, पहिलं पेडल रिकामं जातं हे तुम्हाला कसं ठाऊक? उस्ताद दाराचा खटका चाचपडू लागला. उत्तर मागून आलं. अण्णांनी शांतपणे सांगितलं, की गाडी ताब्यात देताना तो मलाही हेच म्हणाला होता. पेडल मऊ लागतं म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाला दोनदा मार, चार दिवसांत बसेल. वळणावर मला दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळाला नाही. मी बोललो असतो तर याचं गॅरेज बुडालं असतं, म्हणून गप्प राहिलो. मी मित्राची भाकरी वाचवली, आणि त्याने माझी खाल्ली.

उस्ताद दार उघडून उतरला. चकचकीत बुटांनी, रस्त्याकडेच्या कठड्याला हात लावत, उतार पायी उतरून गेला. मला त्याची दया येईल म्हणून मी थोडी वाट पाहिली. आली नाही. आज सकाळी प्रार्थनेनंतर मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेपुढे सांगितलं की हिचे वडील झोपले नव्हते. बस आता दुसऱ्या गॅरेजात जाणार. अण्णा आज भाजी आणायला स्वतः गेले आणि सगळ्यांशी बोलत बोलत इतक्या उशिरा आले, की आईने वैतागून वरणावर भागवलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. कॅलिपर मी पार्सल आलं त्याच दिवशी बदलले होते. पण एअर काढायला दोन माणसं लागतात, एक स्क्रूपाशी आणि एक पेडलवर. मी शेडमध्ये एकटीच हात चोळत बसले होते, तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले आणि सीटवर बसले. त्याच मोडलेल्या पायाने ते पेडल दाबत गेले, मी स्क्रू सोडत आणि आवळत गेले. बुडबुडे सगळे निघून गेले, पेडल दगडासारखं घट्ट झालं. तेव्हा ते म्हणाले, धाकट्याचा माल चांगलाच होता रे. मला ‘रे’ म्हणाले. बहुतेक तुमच्याशीच बोलत होते.

दादा दार उघडेल का, असं तुम्ही विचारलंत. ते वाट बघायला तयार नाहीत. रविवारी आम्ही तिघं ठेंगणीतून निघतोय, गाडी अण्णा चालवणार. आईने आताच डोळे मिटून बसायचा सराव सुरू केलाय.

काकूंना सांगा, दार उघडं ठेवा. ठेंगणीचा हॉर्न वाजत नाही, पण आम्ही बरोबर तुमच्या दारातच थांबू.

बाकीचा लोभ समोरासमोर.

तुमची,
खारूताई