उलानबातरला पाणी कुठे भरायचं

अप्पा,

तुमची एक सवय मला लागली आहे. आखीव वहीचं पान उभं चार भागांत दुमडायचं, पहिल्या रकान्यात स्टेशनाचं नाव, दुसऱ्यात गाडी पोचायची वेळ, तिसऱ्यात सुटायची, आणि चौथ्यात पाणी कुठे भरायचं. गेले सात महिने मी अशी पानं भरते आहे, फक्त स्टेशनं तुमच्या ओळखीची नाहीत. मॉस्को, मग सैबेरियातली लांबलचक नावं, मग मंगोलियातलं उलानबातर, मग चीनची हद्द आणि शेवटी बीजिंग. इथे नेदरलँड्समध्ये, झूटरमेरच्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मी नावं वाचते आणि समोर बसून हे ऐकतात. हे म्हणजे तुमचे जावई. तुम्ही यांना पाहिलं नाहीत, माझं लग्न तुमच्या माघारी झालं. पण तुमचं दोघांचं जमलं असतं. गाडी आली की दोघंही हातातलं काम टाकून बघत राहिला असतात, आणि आई आणि मी आत दोघांच्याही नावानं बोटं मोडली असती.

आपलं स्टेशन म्हणजे दोन रूळ, एक चिंचेचं झाड आणि तुमची स्टेशनमास्तरांची खोली. दिवसातून चार गाड्या थांबायच्या. घरच्यांसाठी वर्षाला पास मिळायचा आणि दरवर्षी तुम्ही हरिद्वारचा बेत आखायचात. मी टाइमटेबलातून वेळा वाचायच्या, तुम्ही लिहायच्या. "जोडगाडी चुकणार असं धरूनच बेत करावा, म्हणजे चुकत नाही," असं तुमचं म्हणणं. चौथा रकाना माझा होता. मी विचारायचं, "अप्पा, इथे पाणी?" आणि तुम्ही डोळे मिटून सांगायचात, "नळ दोन नंबरच्या फलाटावर, पुलाच्या पायथ्याशी." तिथे तुम्ही कधी गेलेला नव्हतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गार्डांना विचारून ठेवलेलं असायचं.

मॅट्रिकची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात सगळं ठरलं होतं. आईनं दशम्या केल्या, वळकटी बांधली. तुमच्या जागी काम बघायला रिलीव्हर दुपारच्या पॅसेंजरनं यायचा होता. तुम्ही धोतर-सदरा घालून फलाटावर उभे, मी ट्रंकेवर बसलेली, नव्या साडीत. गाडी आली, एक म्हातारी आणि दोन शेळ्या उतरल्या. रिलीव्हर नाही. तुम्ही दोन मिनिटं रिकाम्या फलाटाकडे बघत उभे राहिलात आणि मग आत जाऊन ड्युटीचा कोट चढवलात. मी पॉइंट्समनसमोर म्हणाले, "अप्पा, तुम्ही कागदावरच हिंडा. यापुढे मला वेळा वाचायला सांगू नका." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुढच्या गाडीला लाइन क्लिअर द्यायला गेलात.

त्यानंतर तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही गेल्यावर खोलीतल्या टेबलाच्या खणात पुढच्या वर्षीचा बेत निघाला, तुमच्या बारीक अक्षरात. तीन रकाने भरलेले. चौथा मोकळा.

मी शिकले काय, अप्पा? काहीच नाही. आम्ही इथे आलो तेव्हा यांची नोकरी नवी, मुलगी लहान. यांनी पहिल्याच वर्षी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि बोट फिरवून दाखवलं. इथून बर्लिन, वॉर्सा, मॉस्को, मग सैबेरिया, मंगोलिया, चीन. "तिथून विमानानं मुंबई. एकदा तरी असं घरी जायचं गं, जमिनीला धरून." तेव्हा वाट उघडी होती, लोक जात होते. मी म्हणायची, जाऊ की, मुलीची शाळा होऊ दे. मग मुलीचं लग्न होऊ दे. एका वर्षी यांनी युट्रेख्टला जाऊन सगळी चौकशी केली, रजेचा अर्जही लिहिला. मी तो फडताळात ठेवून दिला. "निवृत्त झालात की रजाच रजा, आत्ता कशाला पगार बुडवायचा?" हेही "बरं" म्हणाले. तुमच्यासारखंच. मला काटकसरीचा अभिमान होता. घर चालवायची अक्कल मॅट्रिकवालीलाही असते, हे मला दाखवायचं होतं. कोणाला, ते आता आठवत नाही.

हे निवृत्त झाले. आणि दोन वर्षांत किल्ली कुठे ठेवली ते विसरायला लागले, मग किल्ली कशाला असते ते. तोवर तिकडे लढाई सुरू होऊन पश्चिमेकडून मॉस्कोला जाणारी रेल्वेची वाटही बंद झाली. यांना सांगितलं तरी राहत नाही. रोज सकाळी चहा घेताना विचारतात, "तयारी कुठवर आली?" आधी मी खरं सांगायची. मग हे रोज नव्यानं ऐकायचे आणि रोज नव्यानं तोंड उतरायचं. एका सकाळी मला ते बघवेना. मी नवी वही काढली, पान दुमडलं आणि म्हणाले, "बसा. मॉस्कोपासून लिहू."

वेळा मी जुन्या पत्रकातून घेते. हे ऐकताना अगदी शहाण्यासारखे असतात. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचं भांडं असतं, तेव्हा पाण्याचा प्रश्न सुटला, असं हेच म्हणाले. मग मी चौथ्या रकान्यात प्रत्येक नावापुढे 'डब्यात' असं लिहिते. पण उलानबातर आलं की हे हट्टानं थांबवतात. "इथे उतरून भरायचं, पाय मोकळे होतात." मग मी ते लिहिते. चीनच्या हद्दीवर रुळांची रुंदी बदलते, तिथे माणसं आत बसलेली असतानाच डबा उचलून खालची चाकं बदलतात, हे तर यांना रोज ऐकायचं असतं. "आतल्याला कळतसुद्धा नाही?" "नाही हो, थोडे हिसके बसतात." "वा!" म्हणतात. रोज वा म्हणतात.

वाटेत एक संकष्टी येते. मी म्हटलं, चंद्रोदय कोणत्या घड्याळानं धरायचा, इतक्या ठिकाणच्या इतक्या वेळा? तेव्हा यांना हसू फुटलं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी देशातून आलेल्या कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय बघून इथल्या घड्याळात तितके वाजले की उपास सोडायची. शेवटी यांनीच गॅलरीतून डोकावून विचारलं होतं, "अगं, तुझा गणपती मुंबईची ड्युटी करतो का? इथे चंद्राचा पत्ता नाही!" त्या दिवसापासून चंद्र बघायचं काम यांनी घेतलं. तुम्ही जसे सिग्नलच्या पलीकडे बघून आईला हाक मारायचात, "दिसला गं, वाढ!", तसंच. गाडीतल्या संकष्टीचाही निकाल यांनीच लावला. "घड्याळ बघूच नकोस. मी खिडकीशी बसतो. दिसला की सांगतो."

गेल्या संकष्टीला संध्याकाळी हे गॅलरीत गेले. आभाळ गच्च भरलेलं. थोड्या वेळानं हाक आली, "दिसला! वाढ." मी जाऊन बघितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा दिवा होता. मी त्याला अक्षता वाहिल्या आणि जेवले. इतक्या वर्षांत व्रतात खोट आली ती अशी. दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे हात जोडून बसले, पण माफी मागायची की आणखी काही, ते सुचेना. अलीकडे काहीच मागावंसं वाटत नाही, अप्पा. दिवा लावते, फूल ठेवते आणि उठते.

त्या आठवड्यात हे पहाटे चपला न घालता ट्रामच्या थांब्यावर गेले. एका भल्या बाईनं आणून सोडलं. "बॅग विसरली म्हणून परत आलो," म्हणाले. मुलगी युट्रेख्टहून आली. डॉक्टर झाले, नगरपालिकेचे कागद झाले, आणि विसरभोळ्या म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तशा एका ठिकाणी यांच्यासाठी खोली मिळाली. सोमवारी न्यायचं. मी मुलीला म्हटलं, "मी आहे ना अजून." ती म्हणाली, "आई, यू आर नॉट कोपिंग. तुला झेपत नाहीये. तुझे हात बघ." यांना अंघोळ घालताना नळ भलतीकडे फिरला होता, हात भाजले होते. मग वहीकडे बघून म्हणाली, "अँड धिस हॅज टू स्टॉप. तू बाबांशी खोटं बोलतेस." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनीही दरवर्षी हेच केलं." "डिड ही एव्हर गो?" तिनं विचारलं. मी भाजी चिरायला घेतली.

पण अप्पा, सोमवारी यांना घराबाहेर काढायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. आज सकाळी चहा झाला, यांनी विचारलं, "तयारी कुठवर आली?" आणि मी म्हटलं, "झाली. सोमवारी निघायचं."

हे उठून उभे राहिले. इतक्या महिन्यांत मी यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं. बॅग काढली. मी त्यात लोकरीचे मोजे घातले, दाढीचं सामान, गरम पाणी ओतलं की होईल असा भाजलेल्या रव्याचा उपमा डब्यात भरून. तिथे यांना जेवण मिळणार आहे, तरी भरला. हे बॅगेकडे बघत होते, मग माझ्याकडे. "तुझी बॅग?"

मी म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. मी मागच्या गाडीनं येते."

मला वाटलं, आता विचारतील. मागची गाडी कोणती, किती वाजताची, रकाना दाखव. त्याऐवजी माझ्या भाजलेल्या हातावर हात ठेवून म्हणाले, "जोडगाडी चुकेल असं धरूनच नीघ." तुमचं वाक्य. मीच कधीतरी यांना सांगितलेलं. माझं नाव गेले तीन महिने यांना आठवत नाही, आणि हे आठवलं.

हे लिहीपर्यंत दुपार झाली. हे बॅग मांडीवर घेऊन दारापाशी खुर्चीत बसले आहेत. सोमवारला दोन दिवस आहेत असं सांगितलं, तरी उठत नाहीत. फलाटावर तुम्ही उभे होतात त्या दोन मिनिटांत तुम्हाला काय झालं असेल, ते मी यांच्याकडे बघून समजायचा प्रयत्न करते. तुमच्या जागी यायचा माणूस आला नाही. माझ्या जागी सोमवारपासून यांना सांभाळायला येतो आहे.

हा कागद कुठे पाठवणार? आपलं स्टेशन आता उरलं नाही, गाड्या न थांबता जातात म्हणे. वहीतच ठेवते, उलानबातरच्या पानात. आणि मुलीला सांगितलं नाही, देवालाही नाही, ते तुम्हाला सांगते. खोली मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी रडले असं तिला वाटतं. मी रडले खरी, पण त्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.