टवका उडालेला खल

सूर्यबेट, ३ ऑगस्ट १९९२

चि. फोर्तुनाता हिस निकासियाताईचे अनेक आशीर्वाद.

कोपाकबानाच्या माउलीच्या कृपेने इकडे सर्व क्षेम. बटाटे गोठवून वाळवले, तुझ्या वाट्याचे पोते बांधून ठेवले आहे.

चिंता एकच. पूर्वजांनी सरोवराला वाहिलेल्या दगडी पेट्या शोधायला प्रोफेसर आले आहेत, त्यांच्यात तुझी भाची सेल्सा पाणबुड्याचे काम शिकते. येत्या पंधरवड्यात तीही बेटासमोरच्या पाण्यातल्या खडकाजवळ तळाशी जाणार. ऑगस्ट म्हणजे धरणीमायच्या भुकेचा महिना, हिला दुसरा मुहूर्त मिळाला नाही. आपण पाण्यात पडलेली टोपीसुद्धा परत काढत नाही. गेले ते सरोवराचे. हे बोलले तर सेल्सा म्हणते, आई, मी पडत नाही, उतरते.

म्हणून काल ह्यांना नाव वल्हवायला लावून तिथेच नैवेद्य सोडला. कोकाची पाने, लामा जनावराची चरबी, साखरेच्या वड्या मिरचीच्या जुन्या दगडी खलात घातल्या, वर चपटा दगड लाल लोकरीने बांधला. सेल्साला ठाऊक नाही. तूही मेणबत्ती लाव.

तुझी वाट पाहणारी,
ताई

एल आल्तो, ९ ऑगस्ट

ती. ताईस फोर्तुनाताचा सा. न.

आधी मेणबत्ती लावली, मग हसले. तोच ना खल, ज्याच्या कडेचा टवका सेल्साने लहानपणी उडवला? अगं, सरोवराला तरी धड वस्तू द्यायचीस. पण भिऊ नकोस. एवढी हट्टी पोर ठेवून घेऊन सरोवराला काय सुख लागणार? ती वर आली की लगेच कळव, तोवर घास गोड लागत नाही.

माया असू दे.
फोर्तु

सूर्यबेट, १७ ऑगस्ट

चि. फोर्तु हिस आशीर्वाद.

पोर सुखरूप आहे, हे आधी वाच आणि जेवून घे.

काल मी ह्यांच्याबरोबर नावेत होते. सेल्सा वर आली ती हातात खल घेऊनच. प्रोफेसरांनी तिला फैलावर घेतले, की चित्र काढल्याशिवाय वस्तू जागची हलवायची नाही हे किती वेळा सांगितले. तेवढ्यात त्यांना लाल लोकर दिसली आणि ते वाकून ती निरखू लागले. हे वल्ह्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडून निघून गेले, सरोवराने नैवेद्य परत केला, आता बदल्यात काय मागेल?

सेल्साने टवक्यावरून बोट फिरवले. मला म्हणाली, आई, हा माझाच प्रताप ना? मग प्रोफेसरांना म्हणाली, हे पूर्वजांचे नाही, आमच्या घरातले आहे. सरोवराने परत केलेले नाही, मी न विचारता उचलले, तेव्हा मीच ठेवून येते. त्यांनी मान डोलावली. तिने नावेत काढून ठेवलेली आपली विणलेली टोपी खलाला बांधली आणि पुन्हा पाण्यात उतरली.

मी बुडबुड्यांवरची नजर हलवली नाही. माउलीचे नाव घेता घेता मधले शब्दच विसरले. मग ती वर आली, दोन्ही हात रिकामे. रिकामे हात बघून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तुमच्या बाजारात खल मिळाला तर बघ. धड घे, पण घासाघीस कर.

मायेने,
ताई