इंफाळचा खडा

मियाशिता-सान,

मुद्दाम मराठीत लिहितोय, तुम्हाला वाचता येऊ नये म्हणून.

चव्वेचाळीस साली इंफाळहून जपानी सैन्य माघारी फिरलं, तुमचे वडील फिरले नाहीत. अस्थी म्हणून आलेल्या पेटीत नुसता खडा निघाला. मी सुट्टीत भारतात निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "नचिकेत-सान, तिथला एक खरा खडा आणाल?"

इंफाळ पुण्याहून किती लांब, हे न सांगताच मी हो म्हणालो. परतायच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमधला एक खडा उचलला.

आज वडिलांच्या थडग्यातला तो जुना खडा काढून तुम्ही माझा ठेवलात आणि माझ्यापुढे कमरेत वाकलात. मग जुना माझ्या हातात देत म्हणालात, "हा खोटा. टाकून द्या कुठेही."

तो मला टाकवत नाहीये.

तुमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू,
नचिकेत